शिळे इंधन, मोटारगाडीतील
दीर्घकाळ न वापरलेल्या मोटारगाडीच्या टाकीत राहिल्यामुळे ज्याचे मूळ गुणधर्म बदलले आहेत, अशा पेट्रोलास वा डीझेलास शिळे इंधन म्हणतात. असे इंधन टाकीत असताना एंजिन सुरू केल्यास टाकीपुरता मर्यादित असलेला दोष गाळणी, पंप व अंतःक्षेपक (इंधनाचा फवारा सोडणारे साधन) यांपर्यंत पोहोचतो. म्हणून इंधनाची परीक्षा आधी व एंजिन नंतर, हा या बाबतीतील मुख्य नियम होय.

ऱ्हासाची कारणे : पेट्रोल हे सु. ३०° ते २१०° से. दरम्यान उकळणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके, बाष्पनशील घटक प्रथम उडून जातात व थंड एंजिन सुरू होणे अवघड होते. उरलेल्यांपैकी अल्किनांचे हवेतील ऑक्सिजनामुळे ऑक्सिडीभवन होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. तो कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे व अंतःक्षेपकांची तोंडे बुजवतो. ही क्रिया मंदावण्यासाठी पेट्रोलात प्रतिऑक्सिडीकारक मिसळतात. ऑक्सिजनाच्या दाबाखाली १००° से. तापमानास पेट्रोल किती वेळ टिकते, हे प्रयोगशाळेत तपासतात; भारतीय मानकानुसार हा काल किमान ३६० मिनिटे असावा लागतो. मात्र टाकीतील पेट्रोल किती महिने टिकेल, हे त्यावरून थेट सांगता येत नाही.

एथेनॉल व पाणी : भारतातील पेट्रोलात मिसळण्यात येणाऱ्या एथेनॉलाचे प्रमाण २०२५ मध्ये सु. २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले किंवा तापमान उतरले, की एथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंप तळाचेच द्रव ओढत असल्याने एंजिनास इंधनाऐवजी हा थर मिळतो, तसेच लोखंडी टाकी गंजते.

हवामानाचा परिणाम : रासायनिक क्रियेचा वेग तापमानातील दर १०° से. वाढीस ढोबळमानाने दुप्पट होतो. अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्यास उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या वर जातो. तेथे उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत बाष्पीभवन व डिंकनिर्मिती यांचा धोका अधिक असतो. याउलट तेथून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या, सु. १,१०० मी. उंचीवरील चिखलदऱ्यास पावसाळ्यातील दमट व थंड हवेमुळे पाणी शोषले जाण्याचा धोका मोठा असतो. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत ऐन उन्हाळ्यात असंख्य वाहने उभी राहिली. अशा दोन महिन्यांच्या खंडाने पेट्रोल सहसा निकामी होत नाही. तीन महिन्यांनंतर मात्र सावधगिरी बाळगावी व सहा महिन्यांनंतर ते संशयास्पद मानावे. अर्धी रिकामी टाकी व सैल झाकण यांमुळे ही मुदत घटते.

परीक्षा : थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन ताज्या पेट्रोलाशी ताडून पहावे. काळपट रंग, रोगणासारखा आंबट वास, गढूळपणा किंवा तळाशी वेगळा थर यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ते वापरू नये. डीझेल अधिक टिकाऊ असले, तरी त्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात सूक्ष्मजंतू वाढून गाळ होतो व गाळणी तुंबते.

उपाय : पेट्रोल काही महिन्यांचेच असून निर्दोष दिसत असल्यास टाकीत ताजे पेट्रोल भरून ते विरल करावे. वर्षाहून जुने किंवा दोषयुक्त इंधन पूर्ण काढून टाकावे. हे काम मोकळ्या हवेत, एंजिन थंड असताना व विद्युत्‌घटमालेचे ऋण टोक सोडवून करावे. जवळपास विडी, दिवा वा ठिणगी नसावी. रबरी नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची रूढ पद्धत घातक आहे, कारण फुप्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोलही प्राणावर बेतू शकते. त्यासाठी हातपंप वापरावा. त्यानंतर गाळणी बदलावी, कार्ब्युरेटर धुवावा, ठिणगी गुडद्या तपासाव्यात आणि मगच ताजे इंधन भरावे. शिळ्या पेट्रोलात रॉकेल मिसळल्याने ते सुधारत नाही. त्याचा ऑक्टेन अंक मात्र आणखी घटतो.

विल्हेवाट : काढलेले पेट्रोल गटारात, शेतात वा मातीवर ओतू नये. त्यातील बेंझीन कर्करोगकारक असून ते जमिनीत झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरू शकते. गटारात साचलेल्या बाष्पाचा स्फोटही होऊ शकतो. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ते साठवून धोकादायक टाकाऊ द्रव्ये हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवावे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल विहित पात्रांत परवान्याविना ठेवता येते. तथापि राहत्या घरात ते ठेवणे इष्ट नाही.

गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टाकी जवळजवळ भरून, झाकण घट्ट लावून ती सावलीत ठेवावी आणि इंधन भरल्याची तारीख नोंदवून ठेवावी. टाकीत हवेला जितकी जागा कमी, तितके ऑक्सिडीभवन व पाण्याचे शोषण कमी होते.