‘मेंटल’ म्हणण्यापूर्वी

कोजागिरीला मंडळाची मुले पत्ते खेळत होती. एकाने डाव उधळला, तसा दुसरा म्हणाला, "अरे, मेंटल आहेस का? एर्रागड्डाला सोडून येऊ तुला?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते मनातून जाईना, म्हणून हे लिहीत आहे.

कुकटपल्लीहून मेट्रोने अमीरपेटकडे निघालो की वाटेत एर्रागड्डा स्टेशन लागते. तिथे सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. पुण्यात थट्टेने ‘येरवड्याला’ आणि मुंबईत ‘ठाण्याला’ म्हणतात, तसे इथे ‘एर्रागड्डाला’.

इंग्रजीत ‘मेंटल’ म्हणजे मनाशी संबंधित. ‘मेंटल अरिथमेटिक’ म्हणजे मनातल्या मनात केलेला हिशोब. पुढे ‘मेंटल पेशंट’मधले नाम गळाले आणि नुसते विशेषण माणसाला चिकटले. ‘ही इज मेंटल’ म्हणजे त्याचे डोके ठिकाणावर नाही. हा अर्थ फक्त बोलण्यातला. औपचारिक इंग्रजीत तो अपमानकारक समजतात, म्हणून मुलांनी परीक्षेत किंवा ऑफिसच्या पत्रात तो वापरू नये. 2019 साली ‘मेंटल है क्या’ या हिंदी चित्रपटाच्या नावाला मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हरकत घेतली आणि ते नाव बदलावे लागले.

आपल्या ‘वेडा’ शब्दात मायाही असते. आजी नातवाला ‘वेडोबा’ म्हणते. ‘नाटकवेडा’ ही तर शाबासकीच. तेलुगूतही ‘सिनिमा पिच्चि’ म्हणजे सिनेमाचे वेड. ‘मेंटल’मध्ये हा गोडवा नाही.

कायद्याची भाषाही बदलत गेली आहे. 1912 च्या कायद्यात ‘ल्युनॅटिक’ असा शब्द होता. 1987 च्या कायद्यात ‘मनोरुग्ण व्यक्ती’ आली आणि 2017 च्या कायद्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’. म्हणजे आधी माणूस, मग त्याचा आजार. बी.कॉम.ला आम्ही 1872 चा करार कायदा शिकलो. त्याचे कलम 12 सांगते की, एरवी मन स्थिर नसलेला माणूसही ज्या वेळी स्थिर असेल, त्या वेळी करार करू शकतो. कायदा त्या वेळची स्थिती पाहतो. आपण मात्र एकदा ‘मेंटल’ म्हटले की तो शिक्का जन्मभराचा.

हे मला का लागले, तेही सांगतो. माझ्या धाकट्या भावावर येरवड्याच्या मनोरुग्णालयात उपचार झाले. बँकेत कोणी विचारले तर मी सांगत असे, "तो पुण्याला नोकरीला आहे." त्याला झोप येईना, कोणीतरी मागे लागले आहे असे वाटू लागले, तेव्हाच डॉक्टरांकडे जायला हवे होते. ‘लोक मेंटल म्हणतील’ या भीतीने आम्ही जवळजवळ वर्ष घालवले. औषधे सुरू झाल्यावर तो सावरला, पण ते वर्ष परत आले नाही.

मुलांना रागावण्यात अर्थ नाही, शब्द त्यांनी आपल्याकडूनच घेतला आहे. थट्टाच करायची तर ‘वेडोबा’ म्हणा. आणि घरात कोणाचे मन खरोखरच बिघडले असेल तर ते लपवू नका. ‘टेली-मानस’च्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. एर्रागड्डा स्टेशनवर उतरण्यात कसलीही लाज नाही.