सहा कोर्टं, एकच गलका

ऑक्टोबर 2025 मध्ये शांघाय मास्टर्सच्या अंतिम सामन्यात नात्यातले दोन भाऊ समोरासमोर आले. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो पात्रता फेरीतून आलेला, जागतिक क्रमवारीत 204 वा. वाटेत त्यानं उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं होतं. समोर फ्रान्सचा आर्थर रिंडरक्नेश. वाशरो जिंकला आणि मास्टर्स स्पर्धा जिंकणारा आजवरचा सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू ठरला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये भावाभावांचं कौतुक भरपूर झालं. पण हे दोघंही अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाच्या संघातून खेळून वर आले, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली गेली. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले याच विद्यापीठाकडून खेळली. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवणारी ती हीच. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. तेव्हा अमेरिकन कॉलेज टेनिस आपल्याला अगदीच परकं नाही. आपण ते पाहत मात्र नाही.

पाहायला हवं, असं मला वाटतं. याचं पहिलं कारण म्हणजे त्याची रचना. टेनिस हा मुळात एकलकोंड्यांचा खेळ. खेळाडू, जाळी आणि पलीकडचा शत्रू, बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. कॉलेजवाल्यांनी या खेळाला सांघिक करून टाकलं. आधी दुहेरीचे तीन सामने, तिन्ही एकाच वेळी, प्रत्येकी एका सेटचे. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, शेजारशेजारच्या सहा कोर्टांवर, पुन्हा एकाच वेळी, प्रत्येकाला एक गुण. एकूण सात गुण, जो आधी चारला पोहोचेल तो जिंकला. चौथा गुण पडला की उरलेली कोर्टं जिथल्या तिथं थांबतात. एखादा गडी तिसऱ्या सेटमध्ये 5-4 ने पुढे असला तरी त्याचा सामना ‘अपूर्ण’ म्हणून नोंदला जातो आणि तो रॅकेट टाकून मित्रांच्या ढिगाऱ्यात उडी मारायला धावतो.

यातून एक गंमत होते. संघातला सर्वोत्तम खेळाडू एक नंबरच्या कोर्टावर खेळतो आणि सहावा सहाव्यावर. गुण मात्र दोघांचा सारखाच. त्यामुळे 3-3 अशी बरोबरी झाली आणि सहावं कोर्ट तेवढं चालू राहिलं, तर अख्ख्या मोसमाचं ओझं त्या सहाव्या पोराच्या खांद्यावर येतं. बाकीचे दहा खेळाडू, दोन्हीकडचे कोच आणि सगळे प्रेक्षक त्याच्या कुंपणाला लागून उभे राहतात. व्यावसायिक टेनिसमध्ये असा प्रसंग कुठल्याच दुय्यम खेळाडूच्या वाट्याला येत नाही.

आणि गलका? पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीला भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ ऐकलेल्या माणसाला त्या वातावरणाचा वास लगेच ओळखू येईल. फरक एवढाच, की तिथं नाटक सुरू झालं की चिडीचूप होते. इथं सहा कोर्टांपैकी कुठल्या ना कुठल्या कोर्टावर कायम एखादा पॉइंट संपत असतो, म्हणून ओरडणंही थांबत नाही. जॉर्जिया विद्यापीठाचे लोक तर आपल्या बुलडॉग या निशाणीला जागून चक्क भुंकतात. जॉर्जियातल्या अथेन्स गावात हे वेड रुजवलं डॅन मॅगिल यांनी. 1955 ते 1988 एवढा काळ ते तिथं कोच होते, 706 सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं आपल्या गावात भरवून घेतली. एका छोट्या विद्यापीठी गावात टेनिसला फुटबॉलसारखे प्रेक्षक मिळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

याच अथेन्समध्ये मे 2007 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या एकेरीचा सोमदेव देववर्मनचा अंतिम सामना झाला. सोमदेव व्हर्जिनिया विद्यापीठाचा. आदल्या वर्षी तो याच स्पर्धेत अंतिम फेरीत हरला होता. समोर जॉर्जियाचा जॉन इस्नर, सहा फूट दहा इंच उंचीचा. पुढे 2010 मध्ये विंबल्डनला 70-68 असा पाचवा सेट खेळला, तोच हा. जॉर्जियानं त्याच स्पर्धेत सांघिक विजेतेपद नुकतंच पटकावलेलं, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. सोमदेवकडे इस्नरच्या सर्व्हिसला तोंड देईल अशी ताकद नव्हती. होते ते पाय आणि चिकाटी. पहिला सेट टायब्रेकवर त्याचा, दुसरा इस्नरचा, तिसरा पुन्हा टायब्रेकवर सोमदेवचा. पुढच्या वर्षी त्यानं 44 सामने जिंकले, एक हरला आणि विजेतेपद राखलं. त्याच्याही आधी, 1995 मध्ये, महेश भूपतीनं मिसिसिपी विद्यापीठाकडून अली हमादेहबरोबर दुहेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. आपल्याकडे भूपतीची कथा लिअँडर पेसपासून सुरू होते, हे जरा अन्यायाचंच.

आता वादांकडे वळू. कॉलेज टेनिसचे चाहते खेळ बघतात कमी आणि भांडतात जास्त, असं म्हटलं तरी चालेल. भांडायला विषयही तसेच आहेत.

पहिला आणि सनातन वाद रेषेचा. 2025 पासून पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर रेषापंच गेले, विंबल्डननंही त्यांना निरोप दिला, यंत्र निकाल देतं. कॉलेजमध्ये मात्र आपल्या बाजूच्या रेषेचा निकाल खेळाडू स्वतः देतो. चेंडू आत की बाहेर हे ज्याचं नुकसान होणार आहे त्यानंच सांगायचं, आणि शंका असली तर प्रतिस्पर्ध्याला झुकतं माप द्यायचं. नियम साधुसंतांसाठी लिहिल्यासारखा आहे. खेळणारी मात्र वीस वर्षांची पोरं, मागे कोच, बाजूला मित्र, गुण 3-3. चोरीच्या निकालाला तिथं ‘हूक’ म्हणतात. पंच असतो आणि तो निकाल फिरवूही शकतो, पण त्याची नजर एका वेळी एकाच रेषेवर असू शकते. आता काही विद्यापीठांत कॅमेऱ्याकडे दाद मागण्याची सोयही झाली आहे.

या चोरीनं एक नियमच बदलायला लावला. सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की ‘लेट’ म्हणून ती पुन्हा करायची, हे आपण लहानपणापासून जाणतो. पण बिनतोड सर्व्हिस पडली की रिसीव्हर शांतपणे ‘लेट’ म्हणायचा, जाळी हललेली असो वा नसो. आवाज फक्त त्यालाच आला, कोण काय करणार? शेवटी पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज टेनिसमधून लेट हा प्रकारच काढून टाकला. जाळीला लागून आत पडली तर चेंडू जिवंत, पळा. मला हा उपाय फार आवडतो. माणूस सुधारेल याची वाट न बघता लबाडीची जागाच बुजवली.

दुसरा वाद ‘नो-अॅड’चा. 2015 पासून ड्यूस झाला की पुढचा एकच पॉइंट निर्णायक. सर्व्हिस कुठल्या बाजूनं घ्यायची ते रिसीव्हरनं ठरवायचं. सामने आटोपशीर व्हावेत, टीव्हीला सोयीचे व्हावेत, हा हेतू. विरोधकांचं म्हणणं, की यानं दमसास असलेल्या खेळाडूचा तोटा होतो आणि पोरं व्यावसायिक टेनिसला लागणाऱ्या लांबलचक झुंजीला तयार होत नाहीत. यात तथ्य आहे. पण सहा कोर्टांवर एकाच वेळी असे निर्णायक पॉइंट सुरू असताना त्या कुंपणाजवळ उभं राहणाऱ्याला तक्रार सुचणार नाही, हेही खरं. माझं मत नो-अॅडच्या बाजूनं.

तिसरा वाद क्रमाचा. खेळाडू ताकदीच्या क्रमानंच लावायचे असा नियम आहे. पण तिसऱ्याला चौथा दाखवला तर चौथ्या कोर्टावर हमखास गुण मिळतो. कोण तिसरा आणि कोण चौथा, हे ठरवणार कोण? म्हणून प्रत्येक मोसमात एखाद्या कोचवर क्रम फिरवल्याचा आळ येतो आणि दोन्हीकडचे लोक निकालांच्या याद्या काढून बसतात. आमच्याकडे फलंदाजीच्या क्रमावर बोलणाऱ्यांना हा आजार समजेल.

एकाच पॉइंटवरून वाद किती वर्षं चालू शकतो, हे बघायचं तर 2013 चा सांघिक अंतिम सामना आठवावा. स्थळ इलिनॉयमधलं अर्बाना. व्हर्जिनिया विरुद्ध यूसीएलए. व्हर्जिनिया आदली दोन्ही वर्षं अंतिम फेरीत सदर्न कॅलिफोर्नियाकडून हरलेला संघ, विजेतेपद एकदाही नाही. गुण 3-3. चालू कोर्ट एकच: व्हर्जिनियाचा मिचेल फ्रँक आणि यूसीएलएचा फ्रेंच खेळाडू एद्रियां पुजे. तिसऱ्या सेटमध्ये पुजे 5-3 पुढे, आणि हातात विजेतेपदाचा पॉइंट. त्यानं जाळीजवळ येऊन तो पॉइंट मारलाही. पण मारताना त्याचा स्पर्श जाळीला झाला होता. पंचांनी पॉइंट फ्रँकला दिला. स्पर्श झाला की पॉइंट गेला, नियम साधा आहे, त्यात दया-माया नाही. पण विजेतेपद जिंकलं असं समजून पुन्हा पुढच्या पॉइंटसाठी जाऊन उभं राहायचं, ही कल्पना करून बघा. फ्रँकनं सलग गेम घेत सेट 7-5 असा संपवला आणि व्हर्जिनियाला पहिलं विजेतेपद मिळालं. त्यानंतर त्यांनी 2015, 2016, 2017, 2022 आणि 2023 असा धडाकाच लावला. पुजेची बाजू घेणारे लोक मात्र अजून भेटतात.

चौथा वाद मोठा आहे आणि तो कोर्टाबाहेरचा आहे. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या संघांत निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी असतात. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या राज्य विद्यापीठानं स्पेन-ब्रिटनच्या पोरांना शिष्यवृत्ती का द्यावी, असा तिथल्या पालकांचा सवाल. त्यात शिष्यवृत्त्या तोकड्या. 1972 च्या टायटल नाइन कायद्यानं विद्यापीठांना मुलींना खेळात समान संधी देणं भाग पाडलं. फुटबॉलचा प्रचंड संघ मुलांच्या बाजूला मोजला जात असल्यानं टेनिसमध्ये मुलींना आठ शिष्यवृत्त्या आणि मुलांना साडेचार, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालली. साडेचार शिष्यवृत्त्या आठ-दहा मुलांत तुकडे करून वाटायच्या, म्हणजे कोचला हिशेबनीसच व्हावं लागे.

परदेशी खेळाडू नकोत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठानं 2024 मध्ये पहिलं सांघिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांच्या संघात जेकब फर्नली हा ब्रिटिश खेळाडू होता. मे महिन्यात तो हे खेळत होता आणि जुलैत विंबल्डनच्या सेंटर कोर्टवर जोकोविचसमोर. असा गडी रोज सरावाला शेजारी असेल तर अमेरिकन पोरगंही वर जातं. फ्लोरिडाचा बेन शेल्टन हे त्याचं उदाहरण. 2021 ला विजेतेपदाचा निर्णायक गुण मिळवताना तो पहिल्या वर्षात होता. कोच होते त्याचे वडील ब्रायन शेल्टन. त्यांनी 2007 मध्ये जॉर्जिया टेकच्या मुलींनाही विजेतेपद मिळवून दिलं होतं. मुलं आणि मुली अशा दोन्ही विजेतेपदांचे ते एकमेव कोच. मुलींमध्ये डॅनिएल कॉलिन्सनं 2014 आणि 2016 असं दोनदा व्हर्जिनियाकडून एकेरीचं विजेतेपद घेतलं आणि 2022 ला ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी गाठली. कॉलेजला जाणं म्हणजे व्यावसायिक कारकीर्दीवर पाणी सोडणं, हे जुनं मत आता कुणी गंभीरपणे मांडत नाही.

खरी धास्ती पैशाची आहे. जून 2025 मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. शिष्यवृत्तीची जुनी मर्यादा गेली आणि संघात दहाच खेळाडू ठेवण्याची मर्यादा आली. ऐकायला बरं वाटतं. पण वाटायचे पैसे फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे, आणि कपात करायची वेळ आली की टेनिससारख्या न कमावणाऱ्या खेळाकडे बोट जातं. करोनाच्या काळात आयोवा आणि मिनेसोटा या नामांकित विद्यापीठांनी मुलांचा टेनिस संघ बंद केला होता, हे लोक विसरलेले नाहीत.

आपल्यासाठी ही गोष्ट दूरची नाही. 2025 चं सांघिक विजेतेपद वेक फॉरेस्ट विद्यापीठानं घेतलं. त्या संघात तमिळनाडूचा दक्षिणेश्वर सुरेश होता. चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, भारतानं डेव्हिस कपमध्ये स्वित्झर्लंडला त्यांच्याच देशात 3-1 असं हरवलं, त्यात त्यानं पदार्पणात एकेरीचा सामना जिंकला. युरोपीय संघाला त्याच्या घरी हरवण्याची भारताची 1993 नंतरची ही पहिली वेळ. चेंडूंच्या डब्यापासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळा खर्च बापानं सोसायचा, हे आपल्याकडच्या टेनिसचं गणित. त्यात चार वर्षं कोच, सराव, व्यायामशाळा आणि वर पदवी देणारी दुसरी व्यवस्था माझ्या माहितीत नाही. टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या मराठी आईबापांनी सतराव्या वर्षी तिचा विचार करायला हवा, पंचविसाव्या नव्हे.

आणि ज्यांची मुलं किंवा भाचरं अमेरिकेत आहेत, त्यांना एक विनंती. मोसम जानेवारी ते मे असतो. तेव्हा तिकीट उन्हाळ्याची वाट न बघता मार्च-एप्रिलचं काढा. अनेक विद्यापीठांत हे सामने फुकट बघता येतात. एखादा मॉल कमी करा, शनिवारी दुपारी कॅम्पसवर जा, एक नंबरच्या कोर्टासमोरची गर्दी सोडा आणि सहा नंबरच्या मागची खुर्ची धरा.