फाटक एका हातानं उघडलं पाहिजे

मागच्या वेळी आपण परसबागेच्या वाफ्यांवर बोललो, तेव्हा एका गटानं निरोप पाठवला: वाफे तर केले, पण बकऱ्या राहू देतील तर ना! खरं आहे. म्हणून आज कुंपण आणि फाटक.

आधी आमचीच फजिती सांगतो. आमच्या गटानं सामायिक जागेवर वांगी, मेथी, पालक लावला. गावातल्या माणसांनी हौसेनं जाड लाकडाचं फाटक करून दिलं. इतकं दणकट, की उचलूनच सरकवावं लागे. आता बाईच्या डोक्यावर हंडा, काखेत टोपलं. दोन हात आणायचे कुठून? जी आत जाई ती फाटक अर्धं उघडं ठेवून जाई. एका दुपारी बकऱ्या शिरल्या आणि वांग्याची नुसती खुंटं उरली. बैठकीत फाटक कुणी उघडं ठेवलं यावरून मोठं भांडण झालं. भांडण निवल्यावर कळलं, की रोज सगळ्याच ठेवत होत्या.

तेव्हापासून आम्ही आधी फाटकाचा विचार करतो, मग कुंपणाचा. फाटक करणारा ते एकदा करतो, उघडणारी दिवसातून दहादा उघडते. म्हणून माप तिचं घ्यावं. परसबागेला साडेतीन फूट रुंदी पुरे. शेताला बैलगाडीसाठी दहा-बारा फुटांचं दोन झडपांचं फाटक लागतं, पण त्याच्या शेजारी माणसापुरतं छोटं फाटक जरूर काढावं. नाहीतर मोठं कायम उघडं राहतं. कडी कोपराच्या उंचीवर हवी, म्हणजे डोक्यावर भारा असताना वाकावं लागत नाही.

फाटक लोंबून जमिनीला घासतं, ही सगळीकडची तक्रार. बहुतेक वेळा दोष तिरप्या पट्टीचा असतो. लाकडाची तिरपी पट्टी कब्ज्याच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याला जायला हवी. अशी ठोकली तर ती फाटकाचा भार खालच्या कब्ज्यावर टेकवते. उलटी ठोकली तर पट्टीवर ताण येतो, खिळे सैल होतात आणि फाटक खाली येतं. लाकडाऐवजी तार पिळून ओढायची असेल तर मात्र दिशा बरोबर उलटी, कारण तार ओढू शकते, टेकू देऊ शकत नाही. आणखी एक युक्ती: कब्ज्याचा खांब फाटक मिटतं त्या बाजूला अगदी किंचित झुकवून रोवला, तर सोडलेलं फाटक आपोआप मिटतं. सुतारदादा म्हणतील खांब वाकडा झाला. म्हणू द्या.

आता खांब. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब हलायला लागतो. म्हणून खांबाच्या लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत हवा. खड्ड्यात काळी माती परत न भरता मुरूम आणि दगड थराथरानं ठोकून भरावेत. वर बुडाशी उतार ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांवर सगळा ओढा येतो, ते जाड घ्यावेत आणि आतून टेकू द्यावा.

लाकूड कुजतं ते जमिनीच्या पातळीला, वीतभर वर आणि वीतभर खाली. तिथं ओलही असते, हवाही असते. उधई म्हणजे वाळवीही तिथूनच चढते. म्हणून साल काढून, लाकूड पूर्ण वाळवून, तेवढ्या भागाला डांबर लावावं. ओल्या लाकडाला लावलं तर ओल आत कोंडते. सागाचा गाभा टिकतो, पण बाहेरचं पांढरट लाकूड उधई खाते. कोवळा साग घेऊन फसू नका. बाभळीचंही तसंच, गाभा पाहूनच घ्यावा. बांबू मातीत रोवला तर दोन-तीन वर्षांत जातो. तो खांबांना आडवा-उभा बांधावा, मातीला टेकू देऊ नये. बांबू तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा. वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून सावलीत वाळवला, की त्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगे कमी लागतात.

एक कायद्याची गोष्ट. आपल्या धुऱ्यावरचा साग आपला असला, तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानं तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. मोह आणि ऐनही त्याच यादीत आहेत. बांबूचं तसं नाही. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला.

पऱ्हाट्यांचं कुंपण आपल्याकडे सर्रास. फुकटचं असतं, मान्य. पण पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी बसून राहते आणि पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर उतरते. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते असं. परसबागेला ताटी बांधायची असेल तर तुराट्या घ्या.

खांब कुजूच नये असं वाटत असेल तर जिवंत खांब लावा. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या की फुटतात, पाला खताला होतो. आतून सागरगोटी लावावी, काट्यांमुळे जनावर घुसत नाही. तिचं बी फार कठीण. दगडावर घासून, रात्रभर भिजवून पेरलं तर उगवतं. दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर बांबूची ताटी असू द्या.

हे झालं बकऱ्या-गुरांसाठी. रोही आणि रानडुक्कर हा वेगळा प्रश्न आहे, आणि लाकडी कुंपण त्यांना अडवतंच असं आम्ही सांगणार नाही. रोही उडी मारतं, डुक्कर खालून उकरतं. टिपेश्वर, पैनगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांतल्या बायांना जागली काय असते ते माहीत आहे. या त्रासापायी काही घरांत पंपाच्या लाईनवरून तारेत करंट सोडला जातो. २३० व्होल्टचा हा प्रवाह सतत वाहतो, चिकटलेल्याला सोडत नाही. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे धुऱ्यावर गवत कापायला गेलेली बाईही मरते. तो गुन्हा तर आहेच. सौर कुंपणाचा झटका वेगळा: क्षणभराचा, थांबून थांबून येणारा, जनावर दचकून पळतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान असतं. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनरक्षकाला विचारा.

आमच्या गटानं ठराव केला आहे: ज्या शेतात लाईनची तार सोडलेली असेल, तिथं निंदायला जायचं नाही. पहिल्या आठवड्यात घरात बोलणी खाल्ली. दोघींची मजुरी बुडाली, ती गटानं आपसात वाटून दिली. तिसऱ्या आठवड्यात एका धुऱ्यावरची तार निघाली. दुसऱ्या एकावरची अजून आहे, तिथं आम्ही अजून जात नाही.

नवीन फाटकाचं माप घ्यायला येत्या बैठकीत सुतारदादा येणार आहेत. येताना प्रत्येकीनं आपला हंडा घेऊन यायचं आहे.