समुद्रतळावरील ज्वालामुखीची खूण

खडकांचा पाठ शिकविताना ज्वालामुखी म्हणजे आग ओकणारा डोंगर, एवढेच बहुधा विद्यार्थ्यांच्या मनावर ठसते. वस्तुतः पृथ्वीच्या पोटातील बहुतांश लाव्हा समुद्राच्या तळाशी बाहेर पडतो. अशा प्राचीन उद्रेकाची साक्ष कर्नाटकात चित्रदुर्गानजीक मरडीहळ्ळी येथे आहे. तेथील उघड्या खडकावर उशा रचून ठेवाव्यात तसे दगडी गोळे एकमेकांस चिकटून बसलेले दिसतात. त्यांचे वय सुमारे २५० कोटी वर्षे मानले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले आहे.

या उशा घडतात कशा? हजार अंशांहून अधिक तप्त लाव्हा पाण्यास भिडताच त्याचा पृष्ठभाग क्षणात थिजून काचेसारखे कवच बनते. आतील रस मात्र पातळच असतो. त्याच्या दाबाने कवच तडकते, फटीतून नवा गोळा बाहेर फुगतो आणि त्यावरही लगेच कवच धरते. १९७० नंतरच्या काही वर्षांत हवाई बेटापाशी पाणबुड्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली व तिचे चित्रीकरणही केले. वरचा गोळा मऊ असतानाच खालच्या दोहोंमधील खाचेत रुततो. त्यामुळे प्रत्येक उशीची पाठ फुगीर व तळ शेपटीसारखा निमुळता होतो. पुढे भूकवचाच्या हालचालींनी थर उभे वा उलटे झाले, तरी मूळची वरची बाजू कोणती हे या शेपटीवरून ओळखता येते. वर्गात ओल्या चिखलाचे गोळे एकमेकांवर ठेवून पाहावे. ही गोष्ट शब्दांपेक्षा लवकर समजते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. आपल्या महाराष्ट्रातील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून तो मुख्यतः जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. मुंबई परिसरात काही ठिकाणी लाव्हा उथळ पाण्यात शिरल्याने उशा बनल्या आहेत; पण तो अपवाद. घाटरस्त्यांच्या कडेला दिसणारे वाटोळे धोंडे बहुधा निराळे असतात. प्रस्तुत लेखकानेच एकदा सहलीत असे धोंडे दाखवून ‘येथे समुद्र होता’ असे मुलांस सांगितले होते. एका मुलाने त्यातील एकाचे पापुद्रे हाताने सोलून दाखविले, तेव्हा चूक उमगली. भेगांतून झिरपणारे पाणी खडकाचे कोपरे आधी कुजवते व मध्ये वाटोळा गाभा उरतो. कांद्यासारखे पापुद्रे ही त्याची खूण. उशीच्या कडेला बारीक कणांचे कवच असते, तडे केंद्राकडून कडेकडे गेलेले असतात आणि खाली ती शेपटी असते.

मरडीहळ्ळीस सहल नेल्यास मुलांकडून आकृत्या काढवून घ्याव्यात. नमुन्यासाठी कोणी हातोडी चालवू नये. फुटलेली उशी पुन्हा घडत नाही, आणि कवच गेले की पुढच्या तुकडीस दाखविण्याजोगी खूणच उरत नाही.