ट्रॅक डे (मोटारसायकल)
ट्रॅक डे म्हणजे हौशी चालकांनी स्पर्धेविना, शर्यतीच्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवण्याचा दिवस. यवतमाळसारख्या भागातील चालकाला त्यासाठी चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक किंवा कोइम्बतूरचा कारी ट्रॅक असा दूरचा पल्ला गाठावा लागतो.

नवशिक्याने वेगाआधी ब्रेक पाहावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि जुने होताना त्याचा उत्कलनबिंदू घटतो. रस्त्यावर हा दोष सहसा लक्षात येत नाही. ट्रॅकवर मात्र वारंवार जोरात ब्रेक दाबल्याने ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि नेमक्या वळणाच्या तोंडाशी लिव्हर सैल लागतो. म्हणून निघण्यापूर्वी ते बदलावे. पडल्यास काचा विखुरू नयेत यासाठी आरसे काढतात व दिव्यांवर चिकटपट्टी लावतात. चामड्याचा पोशाख, हातमोजे, बूट व पूर्ण हेल्मेट लागतेच. झेंड्यांचे अर्थ आधीच पाठ करावेत. लाल झेंडा दिसताच वेग हळूहळू कमी करून पिटमध्ये परतायचे असते.