दवाखाना व औषधालयासाठी लॅपटॉप : घरगुती की व्यावसायिक?

आयुर्वेदीय दवाखान्यात व औषधालयात संगणक असावा की नसावा, हा वाद आता संपला आहे. औषधांचा साठा, बॅच क्रमांक, मुदतीच्या तारखा, बिले, कराची विवरणपत्रे आणि रुग्णांची टिपणे ही सारी कामे आज त्यावरच होतात. प्रश्न उरतो तो निवडीचा. दुकानात एकाच आकाराचे, जवळपास सारख्याच वेगाचे दोन लॅपटॉप समोर ठेवले जातात. एकाची किंमत दुसऱ्याहून बरीच अधिक असते आणि विक्रेता एवढेच सांगतो की हा घरगुती आहे व हा व्यावसायिक. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, आणि ग्रामीण भागातील वैद्याने ते द्यावेत की देऊ नयेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आमचा अनुभव

खर्डा (ता. जामखेड) येथे आमचा दवाखाना असून त्याला जोडूनच लहानसे औषधालय आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही केवळ किंमत पाहून एक स्वस्त घरगुती लॅपटॉप घेतला. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी तो सुरूच झाला नाही. एक वर्षाची हमी केव्हाच संपली होती. दुरुस्तीसाठी तो जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागला आणि सुटा भाग येईपर्यंत एकोणीस दिवस गेले. मदरबोर्ड बदलला, परंतु माहिती साठविणारी चिप त्या बोर्डावरच कायमची जडविलेली असल्याने जुन्या बोर्डाबरोबर सारी टिपणेही गेली.

त्याच आठवड्यात आमवाताची एक जुनी रुग्णा आली. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मागच्या वर्षीचं औषध नको, त्यानं पोटात आग पडली होती. त्याच्या आधीचं द्या." कोणता कल्प, किती मात्रा, कोणते अनुपान, हे आम्हांस सांगता येईना. तीन वर्षांचा उपशय-अनुपशय आमच्या हातून निसटला होता. यंत्र बिघडले हा यंत्राचा दोष म्हणता येईल. परंतु निवड करताना विचार केला नाही आणि नोंदींची दुसरी प्रत ठेवली नाही, हा दोष सर्वस्वी आमचा होता.

भेद वेगाचा नव्हे

बहुतेक मोठे उत्पादक दोन्ही प्रकारची यंत्रे काढतात. लेनोव्होची आयडियापॅड ही घरगुती मालिका, तर थिंकपॅड ही व्यावसायिक. एचपीची पॅव्हिलियन घरगुती मालिका होती, तर प्रोबुक व एलिटबुक व्यावसायिक. डेलची इन्स्पिरॉन घरगुती आणि लॅटिट्यूड व्यावसायिक होती. २०२५ पासून डेलने ही नावे बदलून व्यावसायिक मालिकेस 'डेल प्रो' असे नाव दिले आहे. जुनी नावे वापरलेल्या यंत्रांवर अद्याप आढळतात, म्हणून ती ठाऊक असावीत.

दोन्ही प्रकारांत प्रोसेसर पुष्कळदा त्याच पिढीचा असतो. बिले व टिपणे यांसाठी दोन्ही पुरेसे वेगवान असतात. किंबहुना त्याच किमतीत घरगुती यंत्राचा पडदा अधिक झगझगीत व वेग अधिक असू शकतो. व्यावसायिक यंत्राचे जास्तीचे पैसे प्रायः पुढील गोष्टींसाठी असतात.

१) सेवा. तीन वर्षांपर्यंतची हमी आणि तंत्रज्ञाने जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची सोय या यंत्रांसोबत सहज घेता येते.

२) दुरुस्तीक्षमता. बॅटरी, साठवण व कळफलक हे भाग बहुधा सुटे बदलता येतात आणि ते अधिक वर्षे उपलब्ध राहतात. तथापि अलीकडे काही पातळ व्यावसायिक यंत्रांतही स्मृती बोर्डावरच जडविलेली असते. म्हणून मालिकेच्या नावावर न जाता त्या विशिष्ट नमुन्याची सेवापुस्तिका पाहावी.

३) बांधणी. बिजागरी व सांगाडा रोजच्या उघडझापीचा विचार करून केलेला असतो. पुष्कळ नमुन्यांची 'मिल-एसटीडी-८१०' या अमेरिकी लष्करी पद्धतीनुसार चाचणी घेतलेली असते. मात्र कोणत्या चाचण्या घ्यावयाच्या हे उत्पादकच ठरवितो. त्यामुळे या नावास अभेद्य कवच समजू नये.

४) गोपनीयता. या यंत्रांसोबत प्रायः विंडोज प्रो ही आवृत्ती मिळते. तीत बिटलॉकर या सोयीने संपूर्ण साठवण कूटबद्ध करता येते; मग यंत्र चोरीस गेले तरी रुग्णांची टिपणे वाचता येत नाहीत. विंडोज होममध्ये याच सोयीचे मर्यादित रूप अनेक यंत्रांवर असते. कोणत्याही आवृत्तीत तिची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून कुलुपात ठेवावी, अन्यथा आपणच आपल्या नोंदींना मुकू. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. रुग्णाच्या माहितीचे रक्षण हे केवळ सौजन्य राहिलेले नाही.

देश, काल व सात्म्य

रुग्णाचा विचार करताना आपण देश व काल पाहतो. यंत्राचाही तसाच पाहावा. आपल्या दवाखान्यातील वातावरण कचेरीसारखे नसते. वस्त्रगाळ चूर्णाचा सूक्ष्म कण पंख्यात शिरतो व साचतो, त्यामुळे यंत्र तापते. स्नेहनाच्या खोलीतून आलेला तेलाचा हात कळफलकावर पडतो. काही व्यावसायिक कळफलक पाणी सांडले तरी ते निचरून जावे अशा रीतीने बनविलेले असतात. तेलास मात्र कोणताच कळफलक दाद देत नाही. म्हणून चूर्ण भरण्याची जागा व यंत्राची जागा वेगळी ठेवावी. हा उपाय विनामूल्य असून दोन्ही प्रकारच्या यंत्रांचे आयुष्य वाढवितो.

वीज गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालतो. छपाईयंत्र व इंटरनेटचा राउटर मात्र बंद पडतो. त्यांना इन्व्हर्टरचा आधार हवाच. यंत्र दिवसभर विजेवर राहणार असेल, तर बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच भरण्याची सोय आहे का, ते पाहावे. सतत पूर्ण भरलेली बॅटरी उष्ण हवेत लवकर जीर्ण होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १७९५ साली आमच्या गावाजवळ मराठे व निजाम यांची लढाई झाली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. किल्ला मजबूत होता, परंतु वेढ्यात पाण्याची टंचाई झाली आणि त्यास तह करावा लागला. लॅपटॉपचेही असेच आहे. यंत्र कितीही मजबूत असो, मदत पोहोचण्याची वाट नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून आपल्या गावाचा पिनकोड सांगून 'जागेवर सेवा' तेथे मिळेल का, किती दिवसांत मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. मिळत नसेल, तर जास्तीच्या पैशांचा मोठा हेतूच निष्फळ होतो.

निर्णय कसा करावा

स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हे यंत्र उद्या बंद पडले, तर आपले काम किती दिवस थांबू शकेल?

टिपणे लिहिणे व वाचन एवढाच उपयोग असेल आणि कागदी केसपेपरही ठेवले जात असतील, तर काम आठवडाभर थांबू शकते. तेथे घरगुती लॅपटॉप पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत बाह्य हार्ड डिस्क घ्यावी. औषधालयाचे बिल व साठा त्यावरच असेल, तर एक दिवसही परवडत नाही. तेथे व्यावसायिक यंत्र व तीन वर्षांची जागेवरील सेवा हेच योग्य. समजा, किमतीत ३०,००० रुपयांचा फरक आहे व यंत्र पाच वर्षे चालते. म्हणजे महिन्यास ५०० रुपये पडले. काउंटर एक दिवस बंद राहण्याचे नुकसान किती, याच्याशी प्रत्येकाने ही रक्कम ताडून पाहावी.

तिसरा मार्गही आहे. मोठ्या कंपन्या काही वर्षे वापरून काढून टाकतात ती व्यावसायिक यंत्रे नूतनीकरण करून स्वस्तात विकली जातात. घेताना यंत्र विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र आहे याची खात्री करावी, टीपीएम २.० आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

यंत्र कोणतेही असो, ८ जीबी स्मृती किमान व १६ जीबी उत्तम. साठवण २५६ जीबी वा अधिक क्षमतेची एसएसडी असून ती सुटी काढता येणारी असावी. औषधालय वस्तू व सेवा कराच्या नियमित नोंदणीखाली असेल, तर व्यवसायाच्या नावे बिल घ्यावे; भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने केवळ दवाखान्याच्या यंत्रावर ती मिळत नाही.

उपसंहार

व्यावसायिक लॅपटॉप आपल्याला दुरुस्ती लवकर मिळवून देतो. गेलेली टिपणे परत देत नाही. एसएसडी पुष्कळदा पूर्वरूप न दाखविताच बंद पडते. म्हणून नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, व त्यांपैकी एक दवाखान्याबाहेर, हा नियम दोहोंसही लागू आहे. आम्ही आता दर शनिवारी बाह्य डिस्कवर प्रत घेतो, डिस्क लगेच यंत्रापासून वेगळी करतो व घरी नेतो. दुसरी प्रत कूटबद्ध करून इंटरनेटवरील साठवणीत जाते.

त्या आमवाताच्या रुग्णेची चिकित्सा आम्हांस अल्प मात्रेपासून पुन्हा सुरू करावी लागली. तिचे गेलेले महिने कोणत्याही हमीपत्रात भरून मिळणारे नव्हते. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी खरेदीस जाण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे, हीच विनंती.