सी मॉस हे अन्न आहे, औषध नव्हे

आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत स्टॅबिलायझरचे क्रमांक छापलेले असतात. त्यांत 407 दिसला, तर आत कॅराजीनन आहे असं समजावं. तांबड्या समुद्री शेवाळातून काढलेला हा पदार्थ दुधाला दाटपणा देतो. हल्ली ऑनलाइन दुकानांत सी मॉस जेलच्या बाटल्या चढ्या भावानं विकल्या जातात. त्यांतल्या अनेकांचा मुख्य ऐवज हाच, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो नकळत खाल्लेला आहे. त्याच्याबद्दल सांगितलं जाणारं बरंच काही मात्र चुकीचं आहे. त्या गलक्यात एका चांगल्या खाद्यपदार्थाची खरी ओळख हरवते, याचं वाईट वाटतं.

सी मॉस म्हणजे एकच वनस्पती, हा पहिला गैरसमज. आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला खुडलं जाणारं कॅराजीन हे कॉन्ड्रस क्रिस्पस नावाचं थंड पाण्यातलं शेवाळ. ते गवतावर पसरून ऊन-पावसात ठेवतात. जांभळट रंग उडून पिवळसर पांढरं झालं की वाळवून भरून ठेवतात. जमैका, सेंट लुशिया, त्रिनिदादमध्ये जे पितात ते उष्ण समुद्रातलं ग्रॅसिलेरिया किंवा युकेमा. बाजारात तिसरंही मिळतं, काप्पाफायकस. इंडोनेशिया, फिलिपिन्स, झांझिबारमध्ये दोऱ्यांना बांधून समुद्रातच त्याची शेती होते. आपल्या देशात मंडपम-रामेश्वरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर ते सुमारे 45 दिवसांत काढणीला येतं, आणि या कामात मच्छीमार कुटुंबांतल्या बायका मोठ्या संख्येनं आहेत. दोरीवर वाढलेलं ते नकली, असं काही विक्रेते सांगतात. त्यात तथ्य नाही. तेही समुद्राच्याच पाण्यावर पोसलेलं असतं.

कोणतं शेवाळ आणलं आहे, हे चुलीवर कळतं. ग्रॅसिलेरियातून निघतो अगार, म्हणजे आपला चायना ग्रास. बाकीच्यांतून कॅराजीनन. अगार एकदा घट्ट झाला की 85 अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही, म्हणून चायना ग्रासचं पुडिंग मे महिन्यातल्या मुंबईतही आकार धरून राहतं. कॅराजीनन दुधातल्या केसीन या प्रथिनाशी जोडलं जातं, त्यामुळे दुधाला ते अगदी थोडं पुरतं.

‘शिजवलं की सत्त्व जातं, कच्चंच वाटून घ्यावं’ हा सल्ला म्हणूनच पटत नाही. दाटपणा देणारा पदार्थ नीट सुटतो तो गरम पाण्यात किंवा दुधात, आणि खनिजं उकळल्यानं नष्ट होत नाहीत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे खाल्लं, ते शिजवूनच खात आले. आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या बॅलीमलू हाउसच्या मर्टल ॲलन यांचं कॅराजीन पुडिंग प्रसिद्ध आहे. त्या पद्धतीत पाऊण-एक लिटर दुधाला जेमतेम आठ ग्रॅम वाळलेलं शेवाळ घेतात, थोडा वेळ भिजवतात, व्हॅनिलाची शेंग घालून मंद आचेवर शिजवतात आणि दाबून गाळतात. गार झालं की खरवसासारखं थरथरतं. जमैकात ते उकळून गाळतात, सोबत बऱ्याचदा जवस आणि डिंक असतो, मग कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी, जायफळ घालून थंडगार पितात. हे चवीचं, पोटभरीचं पेय आहे, आणि साखरही त्यात भरपूर असते.

घरी करायचं तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाळू-मीठ काढावं. मीठ लावून वाळवलेलं जाड शेवाळ रात्रभर भिजवावं, ते पाणी टाकून द्यावं, मऊ होईपर्यंत शिजवून मिक्सरला लावावं. मँगो मिल्कशेक, खीर, सूप, कशातही चमचाभर चालतं. लिंबू किंवा कोकम मात्र आच बंद केल्यावर घालावं. आंबटासोबत उकळत ठेवलं तर घट्टपणा मोडतो. जेल फ्रिजमध्ये झाकून ठेवावं, दोन आठवड्यांच्या आत संपवावं आणि आंबूस वास आला तर फेकून द्यावं.

आता तो सर्वांत गाजलेला दावा: शरीराला 102 खनिजं लागतात आणि सी मॉसमध्ये त्यांतली 92 असतात. होंडुरासमध्ये जन्मलेले वनौषधीवाले डॉ. सेबी यांच्या नावानं तो पसरला. माणसाला आवश्यक ठरलेली खनिजं वीसच्या आसपासच आहेत. निसर्गात 92 मूलद्रव्यं आढळतात असं शाळेत शिकवत, पण त्या यादीत हायड्रोजनसारखे वायू आहेत, तसेच शिसं, पारा, आर्सेनिक आणि युरेनियमही. ती सगळी पोटात जावीत असं कुणालाच वाटणार नाही. शेवाळ पाण्यातले धातू शोषून घेतं, म्हणून दूषित खाडीतलं शेवाळ पोषक नव्हे, घातक ठरू शकतं.

आयोडीनबाबत ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतात. आपल्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोचताना किमान 15 पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे 10 ग्रॅम मिठातून ही गरज भागते. कमाल मर्यादा युरोपात 600 आणि अमेरिकेत 1100 मायक्रोग्रॅम मानली जाते. सी मॉसमधलं प्रमाण जातीगणिक, समुद्रागणिक बदलतं, त्यामुळे चमच्याचा हिशेब लागत नाही. अतिरेकानं थायरॉइड मंदावतोही आणि अतिसक्रियही होतो.

‘वनस्पतिजन्य कोलॅजेन’ हे तर सरळ चूक. कोलॅजेन हे प्राण्यांच्या शरीरातलं प्रथिन. हे जेल म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, तंतुमय पदार्थाच्या जातीचं. शाकाहारी मंडळींनी ब-12 साठीही यावर विसंबू नये. शेवाळातल्या ब-12चा बराच भाग आपलं शरीर वापरू शकत नाही.

उलट्या बाजूची भीतीही आहे: 407 म्हणजे कॅन्सर. इथे दोन पदार्थांची गल्लत होते. कॅराजीनन तीव्र आम्लात तापवून तोडलं की पॉलिजीनन बनतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या तोडलेल्या रूपाला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे, मूळ कॅराजीननला नाही. पॉलिजीनन खाद्यपदार्थांत वापरत नाहीत, आणि घरच्या पातेल्यात लिंबू पिळून ते तयार होत नाही.

विकत घेताना पाकिटावर जात आणि कुठल्या समुद्रातलं ते लिहिलं आहे का, धातूंची तपासणी झाली आहे का, हे पाहावं. थायरॉइडची गोळी चालू असेल, रक्त पातळ करणारं औषध असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर रोजच्या पेल्यात मिसळण्याआधी डॉक्टरांना विचारावं.